पानाबाईचं भाड्याचं घर

माझ्या मावशीला गल्लीत पानाबाई म्हणत. हे नाव हार्डवेअरच्या दुकानदारानं ठेवलं. ती पहिल्यांदा त्याच्याकडे गेली आणि अर्ध्या इंची नळाला बसेल असा पाना मागितला, तेव्हा त्यानं विचारलं, "मिस्त्री कुठं आहे?" मावशी म्हणाली, "तुमच्यासमोर उभा आहे." त्यानं पाना दिला, वर एक रबरी चकती फुकट दिली आणि संध्याकाळपर्यंत नाव गल्लीभर करून टाकलं. मावशीला त्या नावाचा राग नव्हता, उलट आवडायचं. पुढं जे झालं त्यानंतर मात्र कुणी त्या नावानं हाक मारली तर ती मान वळवत नसे.

ती एका मोठ्या हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात कामाला होती. तळघरात लांबलचक खोली, एका भिंतीला माणूस आत उभा राहील एवढी धुण्याची यंत्रं, आणि मधोमध चादरी दाबणारा तापलेला रोलर. मावशी आणि आणखी एक बाई चादरीची दोन टोकं ताणून धरायच्या आणि ती रोलरच्या तोंडात द्यायच्या. सकाळी सहा ते दुपारी दोन, हेच. बोटांची टोकं एवढी निबर झाली होती की घरी चुलीवरचं पातेलं ती फडक्याशिवाय उतरवायची. तिथली यंत्रं बिघडली की एक मिस्त्री यायचा. तो कधीच दिवसभर थांबत नसे, जेवणाच्या सुट्टीत जो जायचा तो दुसऱ्या दिवशीच उगवायचा, म्हणून सगळे त्याला अर्धा मिस्त्री म्हणत. पण माणूस शिकवायला दिलदार होता. मावशी त्याच्या शेजारी उकिडवी बसून बघत राहायची.

काका छापखान्यात प्रुफं तपासायचे. त्यांनी जन्मात भिंतीला खिळा ठोकला नव्हता, पण खोलीच्या दुसऱ्या टोकाला पडलेल्या कागदावरचा सुटलेला अनुस्वार त्यांना बसल्या जागी दिसायचा. हार्डवेअरच्या दुकानाच्या पाटीवर दोन चुका होत्या, म्हणून ते त्या बाजूनं जायचंच टाळत.

घर दोन खोल्यांचं, वरच्या मजल्यावर. जिना बाहेरून, अंगणातून वर जाणारा, मध्ये एक वळण. खाली मालक राहायचे. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत आणि त्यांच्या बायकोला नुसतं बाई. मास्तर गोड बोलायचे. एवढ्या वर्षांत त्यांचा आवाज चढलेला मी ऐकला नाही, आणि त्यांनी घरावर एक वीट चढवलेलीही पाहिली नाही.

राहायला आल्यावर पहिल्याच महिन्यात न्हाणीतला नळ गळायला लागला. काकांनी रीतसर अर्ज लिहिला, समास सोडून, तारीख घालून. मास्तरांनी तो दोनदा वाचला, काकांच्या अक्षराचं कौतुक केलं आणि म्हणाले, "असल्या लहानसहान दुरुस्त्या तुम्हीच करत जा. मी काही अडवणार नाही."

काका वर आले ते काहीतरी मंजूर करून आणल्यासारखे.

"काय म्हणाले?" मावशीनं विचारलं.

"अडवणार नाही म्हणाले."

"म्हणजे करणार कोण?"

काकांनी एक नळवाला आणला. तो नळ बघून चकती आणायला म्हणून गेला तो अजून यायचा आहे. शेवटी मावशीनं अर्ध्या मिस्त्रीला विचारलं. तो म्हणाला, "नळ म्हणजे काय बाई, एक चकती आणि चार आटे. आटे माणसाचे जातात तसे नळाचे लवकर जात नाहीत. चकती बदला." तिनं बदलली. गळती थांबली. काका न्हाणीच्या दारात उभे राहून बराच वेळ त्या कोरड्या नळाकडे बघत होते, असं मावशी सांगायची.

तिथून तिला ते लागलं, आणि लागलं ते सुटलं नाही. खिडकी अडकत होती, तिनं रंधा मागून आणला आणि चौकट तासली. काच धरून ठेवणारी लांबी सुकून पडली होती, ती नव्यानं भरली. गच्चीतून पाणी झिरपायचं, तर सुट्टीच्या दोन दिवसांत तिनं तडे खरवडून सिमेंट भरलं आणि वरून डांबर फासलं. तिच्या कामावरच्या बायका सुट्टीनंतर कुणाकडे जाऊन आल्याचं सांगायच्या. ही सांगायची की कोपऱ्यातला पाइप बदलला. मास्तर अंगणात खुर्ची टाकून बसलेले असत. वर बघून म्हणत, "वहिनी, तुमच्या हाताला गुण आहे. घर तुमचंच समजा." आणि त्यांनी भाडं कधी वाढवलं नाही, हेही खरं. काकांना ते पुरेसं वाटायचं. मावशीला भाड्याचं काही नव्हतं. तिला ते घर समजायचं वाक्य खरं वाटायला लागलं होतं.

काका एकदा म्हणाले, "हे घर आपलं नाही."

"माहीत आहे मला."

"माहीत आहे तर न्हाणीच्या भिंतीला तिसऱ्यांदा रंग कशाला?"

"भिंतीला माहीत नाही ना," मावशी म्हणाली आणि कुंचला बुडवला.

हळूहळू खालच्या मजल्याचंही काम तिच्याकडे आलं. आधी मास्तरांच्या मोरीचा पाइप, मग त्यांच्या दाराची कडी, मग माळ्यावरची टाकी. मास्तर कधी "करा" म्हणायचे नाहीत. "आमच्याकडचंही जरा तसंच झालंय" एवढंच म्हणायचे आणि वाट बघायचे. बाईंना याची लाज वाटायची. त्या स्वयंपाकघरातून चहा घेऊन यायच्या, मावशीच्या हातातला पाना काढून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "आधी चहा घे. हा माणूस मला चाळीस वर्षांत एक खुंटी लावून देऊ शकला नाही, आणि तू आमचं घर धरून उभी आहेस." बाई वजनानं जड, गुडघे दुखरे, तरी दुपारी चार वाजले की जिना चढून वर यायच्याच. मावशी तेव्हा कामावरून येऊन, अंग टाकून उठलेली असायची. "खाली बसून भिंतींशी काय बोलू," म्हणायच्या. मावशीला सख्खी मोठी बहीण होती, माझी आई. पण मनातलं ती बाईंपाशी बोलायची.

कॉलेजची तीन वर्षं मी मावशीकडे राहिले. दुसऱ्या वर्षी जिन्याच्या वळणावरचा खांब हलायला लागला. लोखंडी कठडा होता, आणि वळणावर जो खांब होता त्याची मुळं भिंतीत पुरलेली होती. मावशीनं तो हलवून पाहिला, भिंतीवर हातोडीनं टकटक केली, कान लावून ऐकलं आणि सरळ खाली गेली. मीही तिच्यामागं गेले.

"मास्तर, वळणावरचा खांब सुटलाय."

"हलतो खरा," मास्तर म्हणाले.

"भिंत आतून पोकळ झालीय तिथं. प्लास्टर काढायला लागेल, विटा बदलायला लागतील, खांब वेल्डिंग करून नवा बसवायला लागेल. हे माझं काम नाही. गवंडी आणि वेल्डर, दोघं बोलवा."

"अहो, तुम्हीच असं म्हणायला लागलात तर कसं?"

"मला जमणार नाही म्हणून म्हणतेय."

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. "बघतो," म्हणाले. महिनाभर बघत राहिले. मावशी दुसऱ्यांदा गेली, तिसऱ्यांदा गेली. तिसऱ्या वेळी ते म्हणाले, "आत्तापुरतं काहीतरी करा. नीट काम नंतर करून घेऊ. उद्या कुणाला लागलं तर तुम्हालाच वाईट वाटेल."

ते शेवटचं वाक्य मावशीला लागलं. तिनं अर्ध्या मिस्त्रीला विचारून दोन लांब बोल्ट आणले, पोकळ जागेत सिमेंट दाबून भरलं, खांबाला पट्टी आवळली. हलायचं थांबलं. पण तिचं समाधान झालं नाही. रात्रीच्या जेवणाच्या वेळी ती काकांना म्हणाली, "हे लिहून द्या त्यांना. हे तात्पुरतं आहे, यावर कुणी भार टाकू नये, पावसाळ्याच्या आत गवंडी आणावा. तुमच्या चांगल्या अक्षरात."

काकांनी दुसऱ्या दिवशी सकाळी पत्र लिहिलं. खाली कार्बन घालून प्रत काढली. मी टेबलापाशी अभ्यास करत होते. त्यांनी मला वाचून दाखवलं आणि विचारलं, "कुठं खटकतं का?" मी म्हटलं नाही. ते पत्र घेऊन खाली गेले, पाच मिनिटांत परत आले. "दिलं. चांगलं लिहिलंय म्हणाले."

गवंडी आला नाही. तो पावसाळा गेला, पुढचा गेला. माझं कॉलेज संपलं, मला नोकरी लागली, मी दुसरीकडे खोली घेतली. आत्तापुरतं म्हणून जे केलं होतं ते सहा वर्षं टिकलं. मावशी पहिल्या वर्षी मास्तरांना आठवण करत राहिली, मग तिनंही नाद सोडला. एक केलं. दर दोन वर्षांनी लोखंड घासून कठड्याला हिरवा रंग लावला, खांबाच्या बुंध्याशी सिमेंटला चीर दिसली की ती बुजवून त्यावरही रंग फिरवला. गल्लीतले म्हणायचे, मास्तर घर छान ठेवतात.

मग तो दिवस आला. दुपारचे चार वाजत आले होते. बाई नेहमीसारख्या वर यायला निघाल्या. वळणावर दम लागला म्हणून त्या थांबल्या आणि कठड्याला टेकल्या. खांब प्लास्टरच्या डिखळासकट भिंतीतून निघून आला. मावशी वर केस विंचरत होती. तिला आधी लोखंडाचा आवाज आला, मग दुसरा.

ती खाली पोचली तेव्हा बाई अंगणातल्या फरशीवर आडव्या होत्या, एक पाय भलत्याच बाजूला वळलेला. वर कठडा एका टोकाला लोंबत होता, दोनच महिन्यांपूर्वी रंग दिलेला, हिरवागार. बाई शुद्धीवर होत्या. मावशीला बघून त्या एकच म्हणाल्या, "अगं, मी कठडा धरला होता." जशी काही त्यांचीच चूक झाली होती आणि त्या सफाई देत होत्या.

खुब्याचं हाड मोडलं होतं. मावशीनंच गाडी बोलावली, आपल्याच हॉस्पिटलात नेलं, ओळखीच्या आयांना सांगून खिडकीजवळची खाट मिळवली. पुढचे अकरा दिवस ती सकाळी तळघरात त्याच वॉर्डाच्या चादरी रोलरमधून काढायची आणि दोन वाजता हात धुऊन बाईंच्या उशाशी जाऊन बसायची. त्यांचं अंग पुसायची, कूस बदलून द्यायची. मास्तर समोरच्या स्टुलावर बसलेले असायचे. खांबाचा विषय कुणी काढला नाही. मावशी मला म्हणाली, "मी वाट बघत होते. एकदा म्हणतील, वहिनी, मी गवंडी आणला नाही. एवढंच म्हणाले असते ना, तर मी म्हणाले असते, जाऊ द्या."

बाराव्या दिवशी त्यांचा मुलगा आला. तो लांबच्या शहरात मोठ्या नोकरीवर होता, वर्षादोन वर्षांनी यायचा. आई घरी आली आणि दुसऱ्या दिवशी त्यानं मावशीला आणि काकांना खाली बोलावलं. मावशीनं मला फोन केला. "तूही ये. तू होतीस तेव्हा."

बाहेरच्या खोलीत मास्तर त्यांच्या खुर्चीवर बसले होते. आतल्या खोलीचं दार सताड उघडं होतं आणि पलंगावर बाई पडलेल्या दिसत होत्या. मुलगा उभाच होता. उद्धटपणा कुठं नव्हता. बापासारखंच मऊ बोलायचा.

"कठड्याचं काम कुणी केलं होतं?"

"मी," मावशी म्हणाली.

"तुम्ही वेल्डर आहात?"

"नाही. तेच मी तुमच्या वडिलांना सांगितलं होतं. तीनदा."

तो मास्तरांकडे वळला. "बाबा, तुम्ही सांगितलं होतं का यांना कठड्याला हात लावायला?"

मास्तर चष्मा पुसत म्हणाले, "मी कधी कुणाला अडवलं नाही."

काकांनी खिशातून पत्राची प्रत काढली. सहा वर्षांत घड्यांवर झिजलेली, पण अक्षर न् अक्षर वाचता येत होतं. मुलानं ती उभ्यानं वाचली. "चांगलं पत्र आहे," तो म्हणाला. "पोच कुठं आहे?"

"पोच?"

"मिळाल्याची सही. ही तर तुमच्याजवळचीच प्रत आहे. ही तुम्ही परवाही लिहू शकता."

काकांचा चेहरा मी त्या दिवशी जसा पाहिला तसा पुन्हा कधी पाहू नये असं वाटलं. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढलेला माणूस. खालच्या घरात पत्र देताना सही कशी मागायची, म्हणून त्यांनी मागितली नव्हती. त्यांनी प्रत परत घेतली, घडी केली, उलगडली, पुन्हा घडी केली.

"माझी भाची होती तेव्हा," मावशी म्हणाली. "तिला विचारा."

मुलगा माझ्याकडे वळला. "तुम्ही पाहिलंत?"

"काकांनी पत्र लिहिताना पाहिलं. ते घेऊन खाली गेले."

"बाबांच्या हातात देताना पाहिलंत?"

मी वर होते, टेबलापाशी. काका परत आलेले पाहिले होते. मावशी माझ्याकडे बघत नव्हती, समोरच्या भिंतीकडे बघत होती.

"देताना नाही पाहिलं," मी म्हणाले.

खरं तेच होतं. हो म्हटलं असतं तर कुणाचं काय बिघडलं असतं, हे मी तेव्हापासून स्वतःला विचारत आलेय.

"बाईंना विचारा," मावशी म्हणाली. तिचा आवाज आता बारीक झाला होता. "त्या इथंच बसल्या होत्या, भाजी निवडत. यांनी मला त्याच दिवशी सांगितलं होतं, बाईसुद्धा होत्या म्हणून."

मुलगा आत गेला. आम्ही बाहेर बसून सगळं ऐकत होतो. त्यानं आईच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं आणि विचारलं, "आई, हे काका बाबांना पत्र द्यायला आले होते का? कठड्याबद्दल?"

मास्तर खुर्चीत हललेसुद्धा नाहीत.

"मला नाही रे आठवत," बाई म्हणाल्या.

मावशी उठली. तिनं काकांच्या कोपराला धरून त्यांनाही उठवलं. दारात ती क्षणभर थांबली, तिची नजर आतल्या पलंगाकडे गेली आणि बाईंनी तोंड भिंतीकडे केलं.

आठवड्याभरात वकिलाची नोटीस आली. भाडेकरूनं मालकाच्या संमतीशिवाय इमारतीत फेरफार केले, त्यातून अपघात झाला, तरी दोन महिन्यांत जागा सोडावी आणि केलेले सर्व फेरफार काढून जागा पूर्ववत करून द्यावी. काकांनी नोटीस वाचली. तिच्यात सात चुका होत्या. त्यांनी एकही दाखवली नाही. मावशीचं म्हणणं, मुलाला वरच्या खोल्या कधीपासूनच मोकळ्या हव्या होत्या, बाईंचं पडणं त्याच्या पथ्यावर पडलं. असेलही. मला तो माणूस नुसता घाबरलेला वाटला होता, आईला कुणीतरी पाडलंय आणि ते कुणीतरी आपला बाप नसावा एवढंच हवं असलेला.

मी म्हटलं, आपणही वकील करू. अर्धा मिस्त्री, आता म्हातारा झालेला, मुद्दाम घरी आला आणि म्हणाला, "बाई, तुम्ही बसवलेलं सगळं उपटून काढतो, एका दिवसात. बसू देत त्या खड्ड्यांत." त्याला ही एक गोष्ट पूर्ण दिवस लावून करायची होती. मावशीनं दोघांचंही ऐकलं नाही.

ती दोन महिने कामावरून आली की भिंतींना स्वतः लावलेल्या फळ्या काढत होती. स्क्रू एकेक करून सोडवायची, भोकं लांबीनं भरायची, कागदानं घासायची, वर आसपासच्या भिंतीशी मिळेल असा रंग कालवून लावायची. फळी कुठं होती ते हात फिरवूनसुद्धा कळत नव्हतं. स्वयंपाकघरात स्वतः बांधलेला ओटा तिनं विटेविटेनं काढला आणि खालची फरशी घासून पूर्वीसारखी केली. मी एका रविवारी गेले तेव्हा ती जुन्या खुंट्यांच्या जागा भिंतीवर शोधत होती, कारण नोटिशीत पूर्ववत असं लिहिलं होतं. मला रडू आलं. तिला नाही आलं. एकोणीस वर्षांत तिनं त्या घरात जी कामं केली त्यातलं सगळ्यात सफाईचं काम हे होतं. ती तिथं कधी राहिली होती याची खूण तिनं ठेवली नाही.

त्या दिवशी मी तिला विचारलं, "मावशी, तुझं काही चुकलं होतं का गं?"

तिनं लगेच उत्तर दिलं. तयारच असावं. "रंग लावायला नको होता. गंजलेलं दिसलं असतं तर बाई त्याला टेकल्याच नसत्या."

"पण तू तर लिहून दिलं होतंस."

"लिहिलेलं खणात असतं. रंग डोळ्यासमोर असतो."

ते नव्या वस्तीतल्या एका इमारतीत गेले, चौथ्या मजल्यावर. तिथल्या करारातच छापलेलं होतं की भाडेकरूनं भिंतीला खिळाही ठोकायचा नाही, काही बिघडलं तर खालच्या ऑफिसात कळवायचं. मावशीला ते वाचून बरं वाटलं असं ती म्हणाली. पहिल्याच वर्षी मोरी तुंबली. तिनं ऑफिसात कळवलं आणि पाच दिवस मोरीत पाटावर उभं राहून आंघोळ केली. काका म्हणाले, "तुला येतं ना ते." ती म्हणाली, "येत नाही." हत्यारांची पेटी तिनं अर्ध्या मिस्त्रीला देऊन टाकली होती. काका त्या घरी फार जगले नाहीत. शेवटी शेवटी ते कुठलाही कागद हातात आला की खाली सही आहे का ते आधी बघायचे, मग वाचायचे. विजेच्या बिलाचंसुद्धा.

बाई मला आणि मावशीला एकदाच भेटल्या, घर सोडल्यावर तीन वर्षांनी. मी मावशीला डोळे तपासायला घेऊन गेले होते. वाट बघायच्या खोलीत बाकांच्या रांगा होत्या आणि कडेला चाकांच्या खुर्चीवर त्या बसल्या होत्या, सोबत एक पगारी बाई. मला आधी ओळखताच आल्या नाहीत. तो जडपणा सगळा उतरला होता.

त्यांनीच हाक मारली. "बारीक झालीस तू."

"हो," मावशी म्हणाली. "आता काम कुठं असतं." तिच्या डोळ्यांत बाहुल्या मोठ्या करायचं औषध घातलेलं होतं. तिला समोरचं धूसर दिसत असणार. ती खुर्चीच्या दिशेनं सरकून बसली. "यांचं कळलं ना?"

"कळलं. मला येता आलं नाही."

"मास्तर कसे आहेत?"

"आहेत. ऐकू कमी येतं."

"वर कोण राहतं आता?"

"येतात आणि जातात. वर्षभर कुणी टिकत नाही. गच्ची गळते म्हणतात."

नर्सनं दोन नंबर पुकारले. मग मावशीनं शांतपणे विचारलं, "बाई, तुम्हाला खरंच आठवत नव्हतं?"

पगारी बाई मोबाइल बघत होती. बाईंनी तिच्याकडे एकदा पाहिलं.

"सगळं आठवत होतं," त्या म्हणाल्या. "शेंगा निवडत होते मी. ह्यांनी पत्र वाचलं, खणात टाकलं. डाव्या खणात. मी म्हटलंसुद्धा होतं, गवंडी बोलवा म्हणून." मग म्हणाल्या, "मला त्याच घरात पडून राहायचं होतं गं. कूस बदलायला हे आणि मुलगा, दोघंच होते. त्यांना खोटं पाडून मी कुणाच्या जिवावर पडून राहणार होते?"

"मलाही त्याच घरात राहायचं होतं," मावशी म्हणाली.

बाईंनी हात पुढं केला. मावशीला तो दिसला की नाही ते मला कळलं नाही. तिचे हात मांडीवर होते तसेच राहिले. मग बाईंचा नंबर लागला आणि पगारी बाईनं खुर्ची आत ढकलत नेली.

आम्ही बाहेर पडलो तेव्हा ऊन डोळ्यांवर येत होतं आणि मावशीला रस्ता नीट दिसत नव्हता. तिनं माझा हात धरला. पलीकडे पोचल्यावर म्हणाली, "त्यांच्या तोंडून एकदा ऐकलं की मला बरं वाटेल, असं मी तीन वर्षं धरून बसले होते. काही वाटलं नाही."

मला तेव्हा तिला विचारायचं होतं, त्या दिवशी मी 'पाहिलं' म्हणाले असते तर तुला हवं होतं का. जिभेवर आलं होतं. पण मावशी विचारल्यावर खरं सांगणारी बाई, म्हणून विचारलं नाही. रिक्षा मिळाली, तिला घरी सोडलं, संध्याकाळी डोळ्यांत कुठले थेंब किती वाजता घालायचे ते मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं आणि मी निघाले.